हाक मारली की थांबणारा माणूस

हल्ली गावात माझं नाव फार चांगलं झालं आहे. 'कंपाउंडर म्हातारपणी माणसाळले,' असं लोक म्हणतात. कारण इतकंच, की रस्त्यात कोणी हाक मारली तर मी जागच्या जागी उभा राहतो, हाक मारणाऱ्याकडे तोंड करतो आणि विचारलेल्याचं पूर्ण उत्तर देतो. पूर्वी मी असा नव्हतो. सायकलवरून जाता जाता 'हं, हं' करून पुढे सटकायचं आणि मागच्याला धूळ खायला लावायची, ही माझी रीत होती. तेव्हा लोक मला शिष्ट म्हणत, आणि ते खरंच होतं. आता अगत्यशील म्हणतात. या कौतुकाची मला मनापासून लाज वाटते. का, ते सांगायचं तर एका पानमळ्यात जावं लागेल. पण आधी थोडं माझ्या धंद्याविषयी, कारण कंपाउंडर ही जात आता दिसेनाशी झाली आहे.

सत्तरच्या दशकात मी वसईजवळच्या एका गावात दवाखान्यात लागलो. डॉक्टर तपासायचे आणि चिठ्ठीवर खरडायचे. पुढचं सगळं माझं. मिक्श्चरच्या बाटलीला डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, मलम घोटायचं, पट्ट्या बांधायच्या, सुया उकळायच्या. सुई तेव्हा फेकून देत नसत. बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. माझा हात हलका होता. 'कंपाउंडर टोचतात ते कळतही नाही,' असं बायका म्हणत आणि मी आखडून चालत असे.

साखरेच्या रोग्यांचं काम सगळ्यात मजेचं. तेव्हा बोटातून थेंब काढून आकडा सांगणारं यंत्र नव्हतं. रोग्यानं सकाळची लघवी बाटलीतून आणायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर जिभेला लगाम. पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल झालं की डॉक्टरांचा आवाज चढायचा. रोगी नळीकडे असे डोळे लावून बसायचे, की मला आपण कोणी मोठे न्यायाधीश आहोत असं वाटायचं.

बाटल्या कशाच्या नसत! तेलाच्या, अत्तराच्या, देशी दारूच्या. एका दुकानदाराची नळी लागोपाठ लालभडक यायची. बिचाऱ्यानं भात सोडला, आंबा सोडला, पोरीच्या लग्नात जिलबीला हात लावला नाही. वाळून काटकी झाला. शेवटी मी बाटलीचं बूच नाकाला लावलं, तर ती मधाची, आणि न धुतलेली. दुसरी एक मास्तरीणबाई. त्यांची नळी कायम निळीशार. डॉक्टर खूष. पुढे कळलं की बाई शेजारच्या मुलाची लघवी आणत होत्या. मी विचारलं, "बाई, फसवलंत कोणाला?" तर पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "लाल झालं की तुम्ही सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलता हो."

त्या वेळी मी हसलो होतो. साखरेच्या रोगाचं पहिलं लक्षण तहान नाही, लाज आहे, हे मला फार उशिरा समजलं.

ज्यांना रोज इंजेक्शन लागायचं त्यांच्या घरी मी सकाळी सायकलवरून जात असे. त्यांतले एक इनासकाका. ख्रिस्ती शेतकरी, सहा फुटी, धोतर आणि बंडी. मी जायला लागलो तेव्हाच त्यांची साखर जुनी झाली होती. घरात फ्रिज नव्हता, म्हणून औषधाची कुपी रोझाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मातीच्या मडक्यात ओल्या फडक्यात जपलेली असायची. आपसांत ती मंडळी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. मी परगावचा, म्हणून माझ्याशी बाजारातली मराठी.

काकांचा पानमळा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, विड्याच्या पानांचा वेल फार नाजूक. त्याला ऊन चालत नाही, कोरडं चालत नाही, आणि मुळाशी पाणी साचलेलं तर मुळीच चालत नाही. दुसरं म्हणजे, पानमळ्यात चप्पल घालून जायचं नाही. वेल सोवळा, तो विटाळला तर कुजतो, अशी समजूत. काकांचे पूर्वज बाटून कित्येक पिढ्या झाल्या होत्या. देव बदलला, देऊळ बदललं, पण मळ्याच्या झापाशी, म्हणजे दाराच्या ताटीशी, पायताण काढायची रीत काही बदलली नाही. फादरसुद्धा मळा पाहायला आले की बूट बाहेर ठेवत.

काकांना या रिवाजाचा एक फायदा होता. पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे ते तळपायांनी ठरवत. ओळीतून अनवाणी एक फेरी मारली की सांगत, "इथं आज नको. तिकडं सोड." त्यांचा मुलगा पीटर मुंबईला बँकेत होता. त्याला मळ्यात रस नव्हता. विरारकडे इमारती उठू लागल्या होत्या, जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागलं होतं, आणि बाबा थकले की मळा काढून टाकायचा हे त्यानं मनात धरलेलं होतं. काकांना हे माहीत होतं. म्हणून थकायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

या इनासकाकांची गावात ख्याती होती ती त्यांच्या अगत्याची. कोणीही हाक मारली की ते थांबत. शेंबडं पोर असो की सरपंच, पूर्ण थांबून, वळून, मग बोलत. मी सायकलवरून ओरडायचो, "काय काका, बरं का?" आणि काका वाटेत उभे राहून म्हणायचे, "बरं हाय, कंपाउंडर. तुमचं बरं ना?" मी निघून गेल्यावरच त्यांचं पाऊल उचललं जाई. डॉक्टरांच्या हाताखालच्या माणसाला हा गृहस्थ केवढा मान देतो, या विचारानं मी दिवसभर फुगून असे. दवाखान्यात इतर रोग्यांना सांगायचोदेखील, "शिका काही इनासकाकांकडून."

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा पानांचा एक व्यापारी आणि गडी मळ्यात होते. मळ्याच्या कडेनं पाण्याचा रुंद पाट होता आणि तो ओलांडायला सुपारीचं खोड टाकलेलं होतं. काका जन्मभर त्या खोडावरून गेलेले. ते मधोमध असताना व्यापारी पलीकडून ओरडला, "काय काका, यंदा पानांचे करंडे किती निघतील?"

साधा प्रश्न. काकांचा पाय थांबला, पण अंग पुढे गेलं. ते आडवे पाटात पडले.

आम्ही धावलो. ओढून काठावर बसवलं. सगळे एकदम बोलत होते. काका, लागलं का? काका, चक्कर आली का? काका, बोला की! काका एकाकडून दुसऱ्याकडे नुसते बघत होते. एकाचंही उत्तर येईना. साखर उतरली असेल म्हणून मी काकींना ओरडलो, त्यांनी साखर आणली, मी ती काकांच्या जिभेवर ठेवली. तेवढ्यात व्यापारी हसून म्हणाला, "सकाळी सकाळीच लावली वाटतं!"

गडीही हसले. त्या हसण्यात राग नव्हता. आमच्याकडे दारूचं कोणाला नवल नाही. पण इनासकाका दारू पीत नव्हते. तरुणपणी सोडलेली, ती देवळात शपथ घेऊन सोडलेली. मी त्यांच्या तोंडाशी वाकलेलो होतो, वास मातीचा येत होता. मी व्यापाऱ्याला झाडणार, तोच काकांची ओली बोटं माझ्या मनगटावर आवळली गेली.

"हो," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रात्रीची उतरली नाय अजून."

काकी साखरेचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घरात निघून गेल्या.

काकांना ओट्यावर आणलं तेव्हा मला त्यांचा तळपाय दिसला. वेलाच्या आधाराच्या काठीची एक ढलपी आत रुतलेली, भोवती पू झालेला. जखम त्या दिवशीची नव्हती. मी चिमट्यानं ती ओढून काढली. काका पाटाकडे बघत बसले होते. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता हेसुद्धा त्यांना बघितल्यावर कळलं.

मी हळूच विचारलं, "काका, खोटं का सांगितलंत?"

"दारू उतरते, कंपाउंडर," ते म्हणाले. "पिणाऱ्याला लोक हसतात, पण त्याच्या हातचा मळा काढून घेत नाय. इनासचं डोकं गेलं म्हणाले की मळा गेला. पीटर उद्या माणसं घेऊन येईल. तुम्ही बोलू नका कुठं."

मग काकींनी मला आत बोलावलं. चुलीकडे तोंड करून, आवाज दाबून त्या म्हणाल्या, "ते तुमच्यासाठी थांबतात असं तुम्हाला वाटतं ना? गावाला पण तेच वाटतं. ते मानानं थांबत नाय हो. त्यांना चालणं आणि बोलणं एका वेळी होत नाय. बोलायला गेले तर पाय चुकतात, पाय बघितले तर बोलणं हरवतं. आमच्या घरात ते चालत असताना कोणी हाक मारत नाय. येऊन बसले की मग बोलायचं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला पयलं हेच शिकवलं, भाकरीच्या आधी. घरची रीत म्हणून; खरं कारण तिला नाय सांगितलं, पीटरला पण नाय."

मी पाहुण्यासारखा उभा राहिलो. रोज त्या घरी जाऊन ज्याला मी माझा मान समजत होतो, ते त्या माणसाचं झाकण होतं. जे लपवता येत नव्हतं त्याला त्यानं सौजन्याचं धोतर नेसवलं होतं, आणि आम्ही सगळे त्या धोतराची वाखाणणी करत होतो.

डॉक्टर आले. त्यांनी बॅगेतून लोखंडी चिमट्यासारखा एक काटा काढला, टेबलावर आपटून घुमवला आणि काकांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "घुमतंय?"

"काय घुमतंय?" काका म्हणाले.

गुडघ्यावर टेकवला तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. परत जाताना डॉक्टर मला म्हणाले, "आपण इतकी वर्षं नळीचे रंग बघत बसलो. पाय कोणी उलटे करून बघितले? आणि चालणं हे नुसतं पायांचं काम नव्हे. डोकं वरून सांगत असतं, इथे ठेव, तिथे उचल. तुम्हा-आम्हाला ते जाणवत नाही, कारण खालून पायांची बातमी वर जात असते. यांच्या पायांची बातमी बंद झाली. आता सगळं डोक्याला बघून करावं लागतं, आणि जुन्या साखरेनं डोक्यातल्या बारीक नसाही धड ठेवलेल्या नसणार. त्यात कोणी करंड्यांचा हिशेब विचारला, तर डोकं कुठे कुठे पुरणार?" मग म्हणाले, "हे मलाही आज समजतंय, असं कोणाला सांगू नकोस."

डॉक्टरांनी काकांना बजावलं, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. काकांनी सांगितलं, चप्पल घालून मळ्यात एक पाऊल टाकणार नाही. दोघेही मोठ्यानं बोलले. डॉक्टर म्हणाले पाय कापावा लागेल, काका म्हणाले कापा. मार्ग काकींनी काढला. जुनी गोधडी उसवून त्यांनी जाड, अनेक पदरी कापडाचे जोडे शिवले. चामडं नाही, बाहेरच्या वाटेची धूळ नाही. ते मळ्याच्या झापाशीच टांगून ठेवायचे आणि आतच घालायचे. "वेलाला कापडाचा काय विटाळ? देवळात अल्तारावर पण कापडच असतं," त्या म्हणाल्या. काकांनी पाय पुढे केला.

पण पाय झाकले तरी प्रश्न राहिलाच. ओल कळायची कशी? तशी ती आधीच कळेनाशी झाली होती. मळ्याचा एक कोपरा जादा पाण्यानं कुजला होता आणि काका रोगाला दोष देत होते. जखम भरल्यावर एका सकाळी मी इंजेक्शन द्यायला गेलो तर ओट्यावर कोणी नाही. मळ्याच्या झापातून आत डोकावलं. वेलांच्या ओळीतून काकी पुढे अनवाणी चालत होत्या आणि मागे कापडी जोडे घातलेले काका. काकी थांबल्या. मागे न बघता थांबूनच राहिल्या. काका येऊन त्यांच्या जवळ उभे राहिले, पाय नीट टेकले. मग काकी म्हणाल्या, "ओलं." काकांनी जरा विचार केला. "परवा सोडू." मग दोघं पुढे. पुन्हा थांबणं. "सुकं." "आज सोड." एका माणसाचं काम दोन माणसांनी वाटून घेतलं होतं. मी हाक मारली नाही. झापाशी उभा राहिलो. घाईत असून उभा राहिलो, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

मळा वाचला, पण दारूचं नाव काही पुसलं गेलं नाही. उलट वाढलं. काका रस्त्यात जरा हेलकावले की पोरं खुणा करायची. फादर घरी आले आणि त्यांनी काकांना व्यसनावर देवळातली अर्धी मिस्सा होईल एवढं ऐकवलं. काका खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सोडीन, फादर." आणि काकी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होत्या. मी तिथेच होतो, हातात सिरिंज घेऊन. माझ्या तोंडाला वचनाचं कुलूप होतं. पण खरं सांगू? लाज वाटली ती आम्हा सगळ्यांची. आमच्या गावात माणसानं पिऊन पडावं, त्याला माफी होती. आजारानं पडावं, त्याला नव्हती. इतकं साधं गणित काकांनी पाटातल्या चिखलात बसून, डोकं चालत नसताना, क्षणात केलं होतं.

आणखी काही वर्षं काका मळ्यात गेले. एका पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, त्यात गेले, दोन्ही पायांनिशी गेले. दफनानंतर अंगणात माणसं बसली होती. तोच व्यापारी हळहळून म्हणाला, "माणूस लाखात एक. एवढा मोठा, पण हाक मारली की थांबायचा. फक्त शेवटी शेवटी बाटली जवळ केली." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकी दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकांची बोटं आता माझ्या मनगटावर नव्हती, मी बोलू शकत होतो. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

काकीही आता नाहीत. मळ्याच्या जागी पीटरनं घर बांधलं आहे. हे लिहिण्याआधी मी त्याला आणि त्याच्या बायकोला, सिसिलियाला, सगळं सांगून छापू का म्हणून विचारलं.  पीटर म्हणाला, "बाबा प्यायचे म्हणून मी मुलांना त्यांच्याजवळ बसू देत नव्हतो."  तेव्हा आता छापून सांगतो. इनासकाका दारू पीत नव्हते.

राहिलं माझं. मला स्वतःला साखर निघाली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कंपाउंडरला साखर, म्हणजे न्हाव्याला टक्कल! मी कोणाला बोललो नाही. त्या मास्तरीणबाईंसारखी शेजारच्या पोराची बाटली आणावी असं मलाही एकदा वाटून गेलं. आधी तळव्यांखाली कोणी घोंगडी अंथरल्यासारखं वाटू लागलं. मग एक दिवस बाजारात कोणीतरी हाक मारली, मी चालता चालता उत्तर द्यायला गेलो आणि भाजीवालीच्या टोपलीवर जाऊन पडलो. त्या दिवसापासून मी थांबतो. लोक म्हणतात, माणसाळले. मी हात जोडतो आणि ते घेतो. घरात काठी आहे, मुलानं आणून दिलेली. ती दाराआड असते. वाचणाऱ्यांना पाय उलटे करून बघा, काठी घ्या, डॉक्टरांना सांगा असं सांगायचा मला अधिकार आहे, पण तोंड नाही.

गेल्या महिन्यात पीटरकडे या लेखाचंच विचारायला जात होतो. सिसिलिया फाटकात उभी होती. मला दुरून बघून तिनं हात वर केला आणि तोंड उघडलं, 'काका' म्हणण्यासाठीच. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. हात खाली आला. तोंड मिटलं. रस्ता लांब होता, वर चढ. ती काही बोलली नाही, हसली नाही, पुढेही आली नाही. मी एक एक पाऊल बघून टाकत होतो, आणि मान खाली असूनही मला कळत होतं की तिला कळलं आहे. कान तापले. तरी इतक्या निवांतपणे मी बऱ्याच दिवसांत चाललो नव्हतो.

मी फाटकाला हात लावला, दोन्ही पाय टेकले. तेव्हा ती म्हणाली, "या काका. बसा आधी."